लिनक्सचा कारभार कुणाकडे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१४ ते २०१७च्या सुमारास घेतलेली कितीतरी धडधाकट यंत्रं एका तारखेत जुनी ठरली. जयपूरच्या टोंक रोडला लागून असलेल्या दुर्गापुऱ्यात मी राहतो. इथे अशी यंत्रं घरोघरी आहेत: मुलाच्या बारावीला घेतलेला डेस्कटॉप, दुकानातल्या बिलांचा कम्प्युटर, निवृत्त माणसाने पेन्शनच्या कामासाठी जपलेला लॅपटॉप. त्यांतल्या काहींवर आता लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसलं आहे. यंत्र पुन्हा पळायला लागल्याचा आनंद होतो, आणि दोन-तीन दिवसांत फोन येतो: “अहो, हा सारखा पासवर्ड मागतोय. कुठला द्यायचा?”

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून असतं: कुठलं लिनक्स आहे, यंत्र किती जण वापरतात आणि पासवर्ड कशाचं रक्षण करतो असं तुम्हाला वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरातल्या लिनक्सवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड प्रणालीला सांभाळतो, तुमच्या फोटोंना आणि कागदपत्रांना नाही. त्यांना सांभाळायचं असेल तर प्रत्येकाचं खातं वेगळं हवं आणि कारभार कुणाकडे आहे हे घरात ठरलेलं हवं. बाकीचं सगळं तपशिलाचं आहे, पण ते तपशीलच माणसाला अडवतात.

लिनक्सने ही व्यवस्था युनिक्सकडून घेतली. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलेली ही प्रणाली एकाच यंत्रावर अनेक माणसांनी काम करावं यासाठी वाढत गेली. प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक शून्य तो रूट, आणि फाइलींवरच्या परवान्यांची साधी तपासणी त्याला लागूच होत नाही. तो काहीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. पण साध्या माणसालाही कधीकधी रूटचं छोटं काम करावं लागतं. स्वतःचा पासवर्ड बदलायचा तरी पासवर्डांच्या फाइलीत लिहावं लागतं, आणि ती फाइल रूटची. यावर रिची यांनी तोड काढली: एखाद्या प्रोग्रामवर खूण करायची, की चालवणारा कुणीही असो, प्रोग्राम आपल्या मालकाच्या अधिकाराने चालेल. ‘सेटयूआयडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कल्पनेला १९७९ साली अमेरिकेत पेटंट मिळालं आणि ते सर्वांना खुलं करण्यात आलं. आज आपण टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अ‍ॅडमिनच्या कामासाठी जे ‘सुडो’ लिहितो ते याच खुणेच्या जोरावर चालतं. आणि गेल्या काही वर्षांत लिनक्सला पडलेली काही मोठी भगदाडंही याच जागची. त्याकडे पुढे येतो.

पासवर्डांचं दुखणंही तेव्हापासूनचंच आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्सच्या पासवर्डांवर एक निबंध लिहिला. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१ एक तर अगदी आखूड होते किंवा शब्दकोशात आणि नावांच्या यादीत सापडणारे होते. म्हणजे शंभरातले ८६. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा उलट न फिरवता येणारा ठसा ठेवायचा आणि प्रत्येक ठशात थोडं ‘मीठ’ मिसळायचं, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे वेगळे दिसतील, ही रीत त्याच निबंधाने रूढ केली. आजही तुमच्या लिनक्सवर ‘शॅडो’ नावाच्या, साध्या वापरकर्त्याला वाचता न येणाऱ्या फाइलीत असेच खारवलेले ठसे असतात. उबुंटू २२.०४पासून त्यासाठी ‘येसक्रिप्ट’ नावाची पद्धत आहे. अंदाज बांधत पासवर्ड फोडणाऱ्याला प्रत्येक प्रयत्न महाग पडावा अशीच ती रचली आहे.

आता त्या फोनवरच्या प्रश्नाकडे. पूर्वी यंत्राला एक रूटचा पासवर्ड असायचा आणि कारभार करायचा असला की ‘एसयू’ लिहून, तो पासवर्ड देऊन रूट व्हायचं. काम झाल्यावर बाहेर यायला माणूस विसरायचा आणि दिवसभर रूट म्हणूनच बसून राहायचा. शिवाय चार जणांकडे कारभार असेल तर चौघांना एकच पासवर्ड, आणि कुणी काय केलं याचा पत्ता नाही. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो शाखेत बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडो’ लिहिलं. त्यात रूटचा पासवर्ड सांगावाच लागत नाही. ज्याचं नाव अधिकाराच्या यादीत आहे तो स्वतःचाच पासवर्ड देतो, एक काम रूटच्या अधिकाराने करतो आणि त्याची नोंद होते. ऑक्टोबर २००४मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली ती रूटचं खातं कुलूपबंद ठेवूनच. यंत्र बसवताना जे पहिलं खातं तयार होतं त्याला सुडोचा अधिकार मिळतो, आणि अ‍ॅडमिनचा म्हणून वेगळा पासवर्डच नसतो. मिंट त्याच वाटेने जातं. म्हणून दुर्गापुऱ्यातल्या बहुतेक फोनांना माझं उत्तर एकच असतं: लॉगिनचा जो पासवर्ड आहे तोच द्या.

सगळ्या लिनक्सांत मात्र तसं नाही. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड विचारतं. तो दिला तर जुनी व्यवस्था लागू होते आणि तुमच्या खात्याला सुडो मिळत नाही. ती जागा रिकामी सोडली तर उबुंटूसारखं वागतं. फेडोरात ‘व्हील’ नावाच्या गटात नाव असेल तर सुडो चालतं. ओपनसुसेची रीत वर्षानुवर्षं अशी, की सुडो लिहिलं तरी पासवर्ड रूटचा मागायचा. त्यामुळे पुस्तकातलं किंवा मित्राने सांगितलेलं उत्तर आपल्या यंत्राला लागू पडेलच असं नाही. माझा कल उबुंटूच्या रीतीकडे आहे. घरात विसरायला एक पासवर्ड कमी, आणि कोणी काय केलं हे नोंदीत दिसतं.

डेबियनवर रूटचा पासवर्ड देऊन बसलेला नवखा माणूस पहिल्यांदा सुडो लिहितो तेव्हा पडद्यावर इंग्रजीत येतं की तुमचं नाव यादीत नाही आणि या प्रकाराची खबर दिली जाईल. इथल्या एका कॉलेजच्या मुलाने ते वाचून घाबरून कम्प्युटरच बंद केला होता. खबर कुणाला जाणार? कुणालाही नाही. ती त्याच यंत्रावरच्या नोंदवहीत राहते, फार तर त्याच यंत्रावरच्या रूटच्या टपालात पडते. सुडोच्या नव्या आवृत्त्यांनी हा मजकूर सौम्य केला आहे आणि ते बरं झालं. लोकांना घाबरवून सुरक्षितता येत नाही. उलट ते पासवर्डच नको म्हणू लागतात.

टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही, टिंब नाही की चांदणी नाही, हा दुसरा अडथळा. कळफलक बिघडला असं वाटतं. मिंटने त्यावर चांदण्या दाखवायची सोय मुळातच चालू ठेवली. सोय चांगली होती, पण सुडोच्या त्या भागातच चूक निघाली आणि जानेवारी २०२०मध्ये ती दुरुस्त करावी लागली. उबुंटूत ती सोय बंद असल्यामुळे ते सहीसलामत राहिलं. मी तरीही चांदण्यांच्या बाजूचा आहे, कारण दुरुस्ती काही दिवसांत आली, पण “अक्षरच उठत नाही” म्हणून लिनक्स सोडून देणारी माणसं परत आलेली मला फारशी दिसली नाहीत.

मराठी घरांत याहून मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं दिसत नाही. आपण मराठी लिहायला कळफलकाला देवनागरी मांडणी जोडतो. बहुतेक वेळा ती इनस्क्रिप्ट असते, भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या प्रमाणातली. मराठी पत्र लिहून झालं, मांडणी तशीच राहिली, पडदा लॉक झाला. परत येऊन माणूस नेहमीच्या सवयीने पासवर्ड टाइप करतो. समजा पासवर्ड ‘जयपूर’ असा रोमन लिपीतला आहे (असा ठेवू नये, पण समजा). जे, ए, आय, पी, यू, आर या कळा दाबल्या की इनस्क्रिप्टमध्ये त्याचं होतं ‘रोगजही’. पडद्यावर दिसतात फक्त टिंबं. तीन वेळा चुकलं की घरात एकमेकांवर संशय सुरू होतो: “तू बदललास का पासवर्ड?” लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात मांडणीची छोटी खूण असते. तिच्यात मराठी किंवा हिंदी दिसलं तर तिथे टिचकी मारून इंग्रजी निवडायचं. टर्मिनलमध्ये मात्र पासवर्ड उघड लिहून न बघता, आधी एखादं साधं अक्षर दाबून लिपी कुठली उमटते ते पाहायचं आणि पुसायचं. आणि कितीही मोह झाला तरी पासवर्ड देवनागरीत ठेवू नये. चित्रमय पडदा बंद पडून काळ्या पडद्यावर लॉगिन करायची वेळ आली, तर तिथे देवनागरी लिहायची सोय बहुधा नसते आणि स्वतःच्याच यंत्राबाहेर उभं राहावं लागतं.

पासवर्ड मराठी शब्दांचा मात्र जरूर असावा, रोमन लिपीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने २०१७मध्ये दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याचा आणि चिन्हांची सक्ती करण्याचा आग्रह सोडला आणि लांबीवर भर दिला. ताक, खिडकी, सोलापूर, पतंग असे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले की लांब पासवर्ड होतो आणि आजीलाही पाठ राहतो. हेच चार घेऊ नका, आपले निवडा.

आता परवान्यांकडे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट असतो. मालक, गट आणि बाकीचे सगळे, अशा तिघांसाठी वाचणं, लिहिणं आणि चालवणं या तीन परवानग्या असतात. वाचण्याला चार, लिहिण्याला दोन, चालवण्याला एक असे आकडे देऊन त्यांची बेरीज करतात. म्हणून ६४४ म्हणजे मालक लिहू-वाचू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणं’ म्हणजे आत शिरण्याची मुभा. एवढं समजलं की घरगुती कामाचा बराच भाग उलगडतो.

यातली एक गोष्ट घरांसाठी फार महत्त्वाची आहे. उबुंटूत २०.१०पर्यंत प्रत्येकाचं होम फोल्डर ७५५ या परवान्याने तयार व्हायचं. म्हणजे घरात चार खाती वेगळी काढली तरी एक जण दुसऱ्याच्या फोल्डरात जाऊन कागद वाचू शकत होता. बदलू शकत नव्हता, एवढंच. एप्रिल २०२१च्या २१.०४ आवृत्तीपासून हे ७५० झालं आणि दार बंद झालं. पण जुनं यंत्र नव्या आवृत्तीवर नेलं असेल तर आधीच्या खात्यांची दारं तशीच उघडी राहिलेली असतात. ज्यांचं उबुंटू पाच-सात वर्षांपासून चालत आलेलं आहे त्यांनी आज आपलं होम फोल्डर तपासावं. फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरवर उजवी टिचकी, गुणधर्म, परवानग्या, आणि ‘इतर’ या ओळीत ‘काही नाही’. मुलीची डायरी, वडिलांची आयकराची कागदपत्रं, आईचे वैद्यकीय अहवाल एकाच यंत्रात असतात. एकत्र कुटुंबातही प्रत्येकाला आपलं म्हणून काही असावं, आणि लिनक्स ते फुकट देतं. सुडो पहिल्यांदा वापरताना जुन्या आवृत्त्या जी छोटी समज देतात, तिच्यातला पहिलाच नियम दुसऱ्याच्या खासगीपणाचा आदर करण्याबद्दल आहे.

मग घरातले फोटो सगळ्यांना हवेत, त्याचं काय? त्यासाठी कुणाच्याच होममध्ये नसलेलं एक सामाईक फोल्डर करायचं, सगळ्यांना एका गटात घालायचं, फोल्डर त्या गटाचं करायचं आणि आत तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच गटाची व्हावी अशी खूण त्याच्यावर ठेवायची. गटातल्या सगळ्यांना नव्या फाइलींत लिहिताही यावं म्हणून एसीएल नावाची जास्तीची परवान्यांची सोय लावावी लागते. अर्ध्या तासाचं काम आहे आणि एकदाच करायचं आहे.

हे न करता लोक काय करतात? कुठेतरी वाचलेला ‘७७७’चा तोडगा. ‘परवानगी नाही’ असा संदेश आला की सुडो लावून सगळ्या फोल्डरांना ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं. एखाद्या फोल्डरपुरतं केलं तर निदान नुकसान तेवढ्यापुरतं. पण मुळापासून सगळ्या प्रणालीला केलं तर काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. ७७७ हा आकडा देताना प्रोग्रामांवरची ती सेटयूआयडीची खूण पुसली जाते. सुडो तिच्याच बळावर उभं असल्याने पुढच्या क्षणी सुडोच चालायचं थांबतं. त्याच्या अधिकारांची यादी आता कुणालाही लिहिता येते, हे पाहून सुडोने तीही नाकारली असतीच. म्हणजे सगळी दारं उघडायला गेलेला माणूस कारभाराच्या खोलीबाहेर अडकतो, आणि चुकलेले हजारो परवाने एकेक करून परत बसवण्यापेक्षा लिनक्स नव्याने बसवणं सोपं पडतं.

आणि बरेचदा ती परवान्याची अडचण नसतेच. दुर्गापुऱ्यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी एकाच प्रकारच्या असतात: यंत्रावर विंडोजही आहे आणि लिनक्सही, आणि लिनक्समधून ‘डी ड्राइव्ह’वर काही लिहिता येत नाही. कारण विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तशा स्थितीतल्या डिस्कवर लिहून गोंधळ होऊ नये म्हणून लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती जोडतं. इथे ७७७ देऊन काहीच होत नाही, कारण विंडोजच्या डिस्कवरचे परवाने ती जोडतानाच ठरतात. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करायचं, यंत्र नीट बंद करायचं, की झालं. परवानगी नाकारली गेली की आधी कारण शोधायचं आणि मग अधिकार वाढवायचे, एवढी सवय लागली तरी पुष्कळ.

सुडो लावून चित्रमय खिडकीतले प्रोग्राम चालवणं हीही तशीच घातक सवय. तो प्रोग्राम तुमच्या होममध्ये रूटच्या मालकीच्या फाइली सोडून जातो आणि पुढच्या वेळी लॉगिन केलं की कधीकधी पडदा उघडून परत लॉगिनवरच येतो. फाइल मॅनेजरमध्ये कारभाराचं काम करायचं असेल तर आता पोलकिट नावाची व्यवस्था आहे. छपाईयंत्र जोडणं, अपडेट घालणं, वेळ बदलणं, अशा एकेका कामापुरता अधिकार ती देते आणि पासवर्डाची चित्रमय खिडकी दाखवते. कुठल्या कामाला पासवर्ड लागेल आणि कुठल्याला नाही हे तिच्या नियमांत बदलता येतं. वृद्ध आईवडिलांच्या यंत्रावर अपडेटला पासवर्ड लागू नये आणि बाकी सगळ्याला लागावा, असं करता येतं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

आता त्या मुख्य मुद्द्याकडे, की अ‍ॅडमिनचा पासवर्ड नेमकं काय राखतो. सोसायटीत पाण्याच्या टाकीची आणि मीटरच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे असते. त्याने तुमच्या कपाटाला कुलूप लागत नाही. रूटचा पासवर्ड तसा आहे. ब्राउझरमधले पासवर्ड, बँकेची पत्रकं, फोटो हे सगळं तुमच्या होममध्ये असतं आणि तुमच्या खात्यात चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला ते साधारणपणे वाचता येतं. त्यासाठी त्याला रूट व्हावं लागत नाही. एवढंच नाही, तुमच्या खात्यात शिरलेला लबाड प्रोग्राम सुडोच्या नावाने आपलं सोंग उभं करून तुमचा पासवर्ड ऐकू शकतो. जुन्या एक्स-११ या पडदा-व्यवस्थेत तर एका प्रोग्रामला दुसऱ्यात लिहिलेल्या कळा ऐकू येतात. तिच्या जागी आलेल्या वेलँडने ते बंद केलं. म्हणून मी रोजच्या वापराचं खातं साधं आणि कारभाराचं खातं वेगळं ठेवायला सांगतो. कारभाराच्या खात्यात फक्त कारभारासाठी जायचं. काहींना हा घरासाठी अतिरेक वाटतो. एकटा, जाणता माणूस असेल तर मीही आग्रह धरणार नाही. पण एकाच यंत्रावर मुलं असतील तर धरतो.

यंत्र हातात आलेल्या माणसापुढे तर हा पासवर्ड फार टिकतच नाही. उबुंटू चालू होताना विशिष्ट कळ दाबून रिकव्हरीच्या पर्यायात गेलं की रूटचं टर्मिनल मिळतं आणि तिथून कुणाचाही पासवर्ड बदलता येतो. पासवर्ड विसरलेल्यांना मी याच वाटेने आत आणतो, आणि दुरुस्तीच्या दुकानातल्या कुणालाही हीच वाट खुली आहे. एक खूण मात्र राहते: असा बदललेला पासवर्ड ‘कीरिंग’ला, म्हणजे साठवलेले पासवर्ड राखणाऱ्या पेटीला, माहीत नसतो, म्हणून ब्राउझर उघडताना ते जुना पासवर्ड मागत बसतं. आपण बदललेला नसताना असं झालं तर शंका घ्या. यावर खरा उपाय एकच, लिनक्स बसवतानाच डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडणं. लॅपटॉपसाठी तो निवडाच. पण त्याचा पासवर्ड विसरला तर मागचं दार नाही; वेगळ्या डिस्कवर बॅकअप नसेल तर सगळं गेलं.

पासवर्ड कितीही चांगला असला तरी ज्या प्रोग्रामवर विसंबायचं त्यातच चूक असेल तर? जानेवारी २०२१मध्ये क्वालिस या कंपनीने सुडोतली एक चूक उघड केली. ती २०११पासून तिथे होती आणि तिच्यामुळे यंत्रावरचा कुठलाही साधा वापरकर्ता पासवर्ड न देता रूट होऊ शकत होता. बरोबर वर्षाने, जानेवारी २०२२मध्ये त्याच कंपनीने पोलकिटच्या ‘पीकेएक्झेक’मधली चूक दाखवली, ती २००९पासूनची. जून २०२५मध्ये सुडोत आणखी एक गंभीर चूक निघाली. हजारो डोळ्यांपुढे उघडा असलेला प्रोग्रामही दहा-बारा वर्षं चूक लपवू शकतो, हे लिनक्सवर प्रेम करणाऱ्यांनी मान्य केलं पाहिजे. आणि हेही खरं, की तिन्ही वेळी दुरुस्ती त्याच सुमारास उपलब्ध झाली. ज्यांचे अपडेट चालू होते ते वाचले. ऑक्टोबर २०२५च्या उबुंटू २५.१०मध्ये जुन्या सुडोच्या जागी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलेलं सुडो आलं, स्मृतीच्या वापरातल्या चुका मुळातच टळाव्यात म्हणून. दिशा बरोबर आहे. फ्लॅटपॅक आणि स्नॅपसारख्या व्यवस्था प्रोग्रामला कुंपणात ठेवू पाहतात, तीही त्याच दिशेची पावलं आहेत, पण कुंपणाला किती फटी ठेवायच्या हे अजून प्रोग्राम बनवणाराच बहुतेक वेळा ठरवतो.

घराबाहेर हाच प्रश्न मोठा होतो. आपल्या देशातल्या डेस्कटॉप लिनक्सच्या सर्वांत मोठ्या उदाहरणांपैकी एक जिल्हा न्यायालयांत आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण घेतलं, सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने न्यायालयांना उबुंटू दिलं आणि न्यायाधीशांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत त्याचं प्रशिक्षण सुरू केलं. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे केंद्रात घडली. त्यामुळे जयपूरच्या न्यायालयातला आणि साताऱ्याच्या न्यायालयातला लिपिक एकाच प्रणालीपुढे बसतो. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं, की जिल्हा पातळीचे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर न्यायालयाच्याच कर्मचाऱ्यांतून घडवण्याची रीत पडली. कारभाराचा अधिकार बाहेरच्या पुरवठादाराच्या खिशात राहिला नाही. केरळने शाळांत लिनक्स नेलं तेव्हाही शिक्षकांना यंत्र बसवायला आणि सांभाळायला शिकवलं, म्हणूनच ते टिकलं.

याच्या उलट चित्र लहान संस्थांत दिसतं. आमच्या भागातल्या एका शिकवणीवर्गाने जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवून घेतलं. बसवणाऱ्याने सगळ्या यंत्रांना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड दिला आणि तो कुणालाच सांगितला नाही. पुढे त्याने धंदा बदलला. छपाईयंत्र बदललं तेव्हा ते जोडायला कुणाकडे अधिकार नव्हता. यंत्रं त्यांची, वीज त्यांची, मुलं त्यांची, आणि कारभार फोन न उचलणाऱ्या माणसाचा. शेवटी एकेका यंत्राला रिकव्हरीत नेऊन पासवर्ड बदलावे लागले. पंचायत, पतसंस्था, वाचनालय, शाळा, जिथे जिथे असं आहे तिथे ही गोष्ट आजच तपासण्यासारखी आहे. घरातला वायफाय राउटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर यांतही बहुधा लिनक्सच असतं. त्यांचा मुळातला पासवर्ड अनेकदा बदललेला नसतो, आणि २०१६मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरची अशीच उपकरणं ताब्यात घेतली होती.

शिकायचं कुठून, असं विचारणाऱ्यांना मी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाकडे पाठवतो. तिथले लिनक्सचे पाठ मराठीतून ऐकता येतात, मोफत. फाइलींचे परवाने आणि वापरकर्त्यांची खाती यांवरचे पाठ छोटे आहेत आणि ऐकता ऐकता शेजारच्या खिडकीत करून बघता येतात.

माझी विनंती एवढीच आहे. येत्या सुटीच्या दिवशी घरातल्या यंत्रावर प्रत्येकाचं खातं वेगळं काढा, अपडेट आपोआप होतात की नाही ते पाहा, आणि कारभाराचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा. तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगा. संस्थेत असाल तर हेच पाकीट अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या सह्यांनी बंद करा, आणि बसवणारा माणूस शेवटचं बिल घेऊन जाण्याआधी त्याच्यासमोर तो पासवर्ड एकदा स्वतः टाइप करून बघा.